नकाशा पाहायचा कोणी?

लेखमाला : दारे आणि कुलपे – लेखांक सहावा

महाडच्या खाडीपट्ट्यातले तुडील समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेत मोजले तर ८० किलोमीटरच्या पुष्कळ आत येते. सावित्री नदीच्या वरच्या अंगाचे पोलादपूरही आत येते, आणि आंबेनळी घाट चढून गेल्यावरचे महाबळेश्वरसुद्धा. आज या अंतराशी कोणाला काही देणेघेणे नाही. पण कित्येक वर्षे याच ८० किलोमीटरच्या हिशेबावर ठरत होते, की इथल्या डोंगरांचा नकाशा कोणी पाहायचा आणि कोणी नाही.

सर्व्हे ऑफ इंडिया ही देशाचे अधिकृत नकाशे करणारी संस्था. तिच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात डोंगराचा चढ दाखवणाऱ्या समोच्च रेषा असतात. ओढे, विहिरी, पायवाटा आणि वाड्याही असतात. कोणता उतार किती उभा आहे, कोणती वाडी त्याच्या पायथ्याशी आहे आणि वरचे पाणी कोणत्या घळीतून खाली येते, हे असा नकाशा वाचता येणाऱ्याला बसल्या जागी कळते. मात्र आंतरराष्ट्रीय सीमा आणि समुद्रकिनारा यांपासून सुमारे ८० किलोमीटरपर्यंतच्या भागाचे नकाशे ‘निर्बंधित’ वर्गात मोडत. ते खुल्या विक्रीला नसत. हवे असतील तर सरकारी परवानगी मिळवावी लागे आणि ते जपून ठेवण्याची जबाबदारी घ्यावी लागे. अख्खे कोकण या पट्ट्यात बसते. म्हणजे महाड-पोलादपूरमधल्या एखाद्या शिक्षकाला आपल्याच गावामागच्या डोंगराचा नकाशा वर्गात लावायचा झाला, तरी तो सहज मिळण्यातला नव्हता.

कारण संरक्षणाचे होते आणि ते पोकळ नव्हते. किनाऱ्यावरून शत्रू येऊ शकतो, हे कोकणाला कोणी वेगळे सांगायला नको. पण ज्याच्यापासून लपवायचे, त्याच्यापासून ते लपत होते का, हा प्रश्न उरतोच. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने विसाव्या शतकाच्या मध्याला भारताचे एकास अडीच लाख प्रमाणाचे नकाशे केले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवले. जून २००५मध्ये गूगल अर्थ आले आणि जगातल्या कोणालाही सावित्रीचे वळण न् वळण घरबसल्या दिसू लागले. बाहेरच्याला दिसत होते. अडवणूक झाली ती इथल्या विद्यार्थ्याची, अभ्यासकाची आणि ग्रामपंचायतीची.

मे २००५मध्ये राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर झाले. नकाशांच्या दोन मालिका ठरल्या, एक संरक्षणासाठी आणि एक लोकांसाठी. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २५ आणि २६ जुलैच्या पावसात, महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. नकाशा हाती असता तर माणसे वाचली असती, असा दावा करता येणार नाही. दरड पडते ती पावसाने, भिजून सुटलेल्या मातीने आणि उताराने. तरीही उताराचा कागद पायथ्याच्या माणसाला आधी दिसायला हवा, एवढे म्हणायला कोणत्याही दाव्याची गरज नाही.

धोरण झाले, तरी दार लगेच सताड उघडले नाही. २०१७मध्ये ‘नक्शे’ नावाचे संकेतस्थळ निघाले. खुल्या मालिकेतले नकाशे तिथे फुकट होते, पण उतरवून घ्यायला आधार क्रमांक लागे आणि दिवसाला तीनच नकाशे मिळत. भू-माहितीवरची बहुतेक बंधने सैल झाली ती १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी.

नकाशाइतकेच महत्त्वाचे दुसरे एक प्रकरण याच डोंगररांगेचे आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१०मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरच्या घाटप्रदेशाचे गटाने पाच मिनिटे अक्षांश आणि पाच मिनिटे रेखांश, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाची संवेदनशीलता मोजली आणि तालुकावार तीन श्रेणी सुचवल्या. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल मंत्रालयाला मिळाला.

आणि तो मंत्रालयातच राहिला.

केरळमधल्या एर्नाकुलमच्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. उत्तर नकाराचे आले. अहवाल अंतिम नाही, राज्यांशी चर्चा व्हायची आहे, आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(क) लागू होते, असे मंत्रालयाचे म्हणणे. हे कलम देशाची सुरक्षितता, परराष्ट्र संबंध आणि राष्ट्राचे सामरिक, वैज्ञानिक किंवा आर्थिक हित यांसाठी आहे. कोणत्या उतारावर खाण नको आणि कोणत्या नदीकाठी रासायनिक कारखाना नको, हे रहिवाशांना कळल्याने राष्ट्राच्या कोणत्या हिताला बाधा येते, हे मंत्रालयाला पटवून देता आले नाही. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेले. तेव्हाचे माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल द्यावा आणि संकेतस्थळावरही ठेवावा, असा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १७ मे रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. मंत्रालयाने तो स्वीकारलेला नाही, अशी सूचना जोडूनच.

जवळजवळ नऊ महिने गेले. याच कायद्याचे कलम ४ सांगते, की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखतानाच संबंधित सर्व वस्तुस्थिती सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावी. ‘आखताना’ म्हणजे निर्णय होण्याआधी. अहवाल दडला त्या काळात त्याविषयीच्या अफवा मात्र गावोगाव फिरल्या. घर बांधता येणार नाही, शेती बंद होईल, सगळे वनखात्याच्या ताब्यात जाईल, असे लोकांना सांगितले गेले. मूळ कागदच हाती नसताना त्याचे खंडन करायचे कशाच्या आधारावर? पुढे राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आलेला मराठी सारांश विपर्यस्त आहे, अशी जाहीर तक्रार खुद्द गाडगीळांनी केली.

इथे भाषेचे कुलूप दिसते, आणि ते सर्वांत चिवट आहे. पाचशेहून अधिक पानांचा इंग्रजी अहवाल सर्वांना खुला आहे, असे म्हणता येते. तुडीलच्या ग्रामसभेत तो वाचला मात्र जाणार नाही. जून २०२०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या मसुद्याबाबत हाच मुद्दा उचलला आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितले. केंद्र सरकारने या आदेशाला विरोध केला.

म्हणून सगळेच उघडे ठेवा, असे कोणी म्हणेल तर तेही चुकीचे. जैविक विविधता कायदा २००२ आणि त्याखालचे नियम यांनुसार गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. या नोंदवह्यांची कल्पना घडवण्यात गाडगीळांचा मोठा वाटा. कोणत्या रानात कोणती औषधी वनस्पती आहे, कोणता वैदू तिचे काय करतो, हे त्यात येते. ते संकेतस्थळावर टाकले, तर व्यापारी आधी पोहोचेल आणि कंद मुळासकट उपटले जातील. म्हणून माहिती सांगणाऱ्याच्या इच्छेने काही नोंदी गोपनीय ठेवण्याची सोय त्या पद्धतीत आहे. हे कुलूप योग्य आहे, कारण किल्ली माहिती देणाऱ्याच्या हाती राहते आणि माहिती फुटली तर नुकसानही त्याचेच होते. अहवालाच्या बाबतीत उलट घडले. किल्ली दिल्लीत होती आणि न कळल्याचा तोटा डोंगराखालच्या माणसाला होता.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये इथे दरडीखाली ८०हून अधिक माणसे गेली. रायगड जिल्ह्यात १०३ दरडप्रवण गावांची सरकारी यादी होती आणि त्यांत सर्वाधिक गावे महाड तालुक्यातली होती. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. यादी कशी झाली, कोणते निकष लावले, कोणता उतार वगळला हे गावाला दिसले, तर ‘आमच्या वाडीच्या वर भेगा आहेत, आम्हाला का वगळले?’ असे विचारायला जागा होते. नुसती नावांची यादी तेवढी जागा देत नाही.

३१ जुलै २०२४ रोजी, केरळमधल्या वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्याच दिवशी, पश्चिम घाटातले पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारी सहावी मसुदा अधिसूचना निघाली. तिच्यात ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. अधिसूचनेतल्या रायगडच्या यादीत महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली गावे आहेत. हरकतींसाठी मुदत ६० दिवसांची होती. ते दिवस भातलावणीनंतरचे, बेणणीचे आणि गणपतीचे. अधिसूचना राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीत होती. गावांची नावे शोधायला इंटरनेट लागते, कलमे समजायला जाणकार लागतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्या गावापुरती दोन पाने मराठीत लावली असती, सोबत त्या शिवाराचा एक नकाशा टांगला असता, तर खर्च कागदाचाच होता. सातवा मसुदा निघाला, तर प्रत्येक ग्रामसेवकाकडे ही दोन पाने आणि तो नकाशा मुदत सुरू व्हायच्या आधी पोहोचवण्याची सक्ती त्या मसुद्यातच लिहिता येईल.

(पुढील लेखांकात : सातबारा कोणी पाहावा? महाभूमी संकेतस्थळ आणि शेतकऱ्याची खासगी माहिती)