तापलेल्या काचेची कुजबुज

पोरांनो, तळहात असा आडवा धरा. गोदाकाठी असा नाहीतर घरात, आभाळातून आलेला म्युऑन नावाचा एखादा इवलासा कण दर सेकंदाला त्यातून आरपार जातो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही.

मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या मंडळींनी हा म्युऑन टिपायला काचेच्या पेट्या केल्या. दोन काचा, मधे अवघी 2 मिलिमीटर फट, फटीत वायू आणि सुमारे 10 हजार व्होल्टचा विद्युतदाब. म्युऑन गेला की वायूत इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो. काच विजेला सहजी वाट देत नाही, म्हणून तो लोंढा जागच्या जागी विझतो आणि बाकीची पेटी पुढच्या पाहुण्यासाठी तयार राहते.

आता खरी गंमत ऐका. विजेला अडवणारी कुठलीही वस्तू स्वतःच कुजबुजत असते! गंगाखेडच्या बाजारात गर्दी जागच्या जागी हलत असते ना, तसे तिच्यातले विद्युतभारित कण उष्णतेने सारखे हलत असतात. त्यामुळे दोन टोकांना इवलासा विद्युतदाब थरथरतो. बॅटरी नको, काही नको. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. 1928 साली दोघांचेही लेख छापून आले. जॉन्सननी कार्बनची तार घेतली, मिठाचं पाणीसुद्धा घेतलं. रोध आणि तापमान सारखं, तर कुजबुजही तेवढीच! मला हे फार थोर वाटतं.

मग आपल्या मे महिन्यात केवढा गोंगाट होत असेल? करू हिशेब. इथे तापमान मोजायचं उणे 273 अंशांपासून. जानेवारीच्या पहाटेचे 10 अंश म्हणजे 283, मेच्या दुपारचे 44 म्हणजे 317. त्यात कुजबुज वाढते तापमानाच्या वर्गमुळाने. फरक जेमतेम 6 टक्के!

काचेच्या पेटीला मात्र उन्हाळा बाधतो, तो वेगळ्याच कारणाने. काच तापली की तिचा रोध उतरतो, गळणारा प्रवाह वाढतो आणि म्युऑन नसतानाही तो आल्यासारखे ठोके पडू लागतात. म्हणून एकट्या पेटीवर कुणी भरवसा ठेवत नाही. पेट्या एकावर एक रचतात. अनेक थरांत, जवळजवळ एकाच क्षणी, एका वाटेवर ठोके पडले तरच म्युऑन मानायचा. गोंगाटाला अशी वाट आखता येत नाही. मदुराईत अशा पेट्या लोखंडी थरांमध्ये बसवल्या आहेत. तिथलं लोखंड चुंबक केलेलं आहे, त्यामुळे म्युऑनची वाट वाकते आणि ती कुठल्या बाजूला वाकली यावरून तो धन की ऋण तेही कळतं.