बेडफर्डच्या तुरुंगातील यात्रिक

फुटक्या भांड्यांना डाग देत गावोगाव हिंडणाऱ्या एका कारागिराचा ग्रंथ दोनशेहून अधिक भाषांत जावा, ही वाङ्मयेतिहासातील सामान्य घटना नव्हे. इंग्लंडातील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी १६२८ साली जन्मलेला जॉन बन्यन हा तो कारागीर. शिक्षण बेताचे, पहिल्या पत्नीने माहेरून आणलेली दोन धर्मपुस्तके हीच त्याची शिदोरी. पुढे तो बेडफर्डच्या बॅप्टिस्ट वळणाच्या मंडळीत आला आणि प्रवचने देऊ लागला.

१६६० साली राजसत्ता परतली आणि राजमान्य चर्चबाहेरील धर्मसभा हा गुन्हा ठरला. बन्यनला अटक झाली. ‘प्रवचन देणार नाही’ एवढे वचन दिले असते, तर तो सुटला असता. ते त्याने दिले नाही आणि तीन महिन्यांची शिक्षा बारा वर्षांवर गेली. या निश्चयाची किंमत त्याने एकट्याने मोजली नाही, हे विसरता येत नाही. घरी चार मुले, त्यांतील थोरली मेरी आंधळी. दुसरी पत्नी एलिझाबेथ हिने न्यायाधीशांपुढे केलेली विनवणी व्यर्थ गेली. तुरुंगात नाड्या तयार करून तो संसाराला हातभार लावी. मेरीच्या आठवणीने आपले काळीज कसे तुटे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

या व्यथेतूनच ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) उभे राहिले. पाठीवर पापाचे ओझे घेऊन स्वर्गनगरीकडे निघालेल्या यात्रिकाची ही रूपककथा. तीतील दिखाऊ बाजारात सत्यनिष्ठाला देहदंड देणारे न्यायालय लेखकाने जवळून पाहिले होते. भाषा मात्र पंडिती नाही. ती बाजारहाटाची, रस्त्यावरची. म्हणूनच हे पुस्तक झोपडीत बायबलशेजारी जाऊन बसले आणि थॅकरेसारख्या कादंबरीकाराला ‘व्हॅनिटी फेअर’ हे नावही देऊन गेले.

मराठीत हरि केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने ते १८४१ साली आणले. ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध होण्याच्या सोळा वर्षे आधी.

स्वतःच्या श्रद्धेसाठी इतके सोसणारा माणूस इतरांबाबत असहिष्णु होण्याचा धोका असतो. बन्यनने मात्र १६७३ साली स्वपंथीयांनाच बजावले, की बाप्तिस्म्याविषयीचा मतभेद बंधुभावाच्या आड येऊ नये. स्वतःच्या मतासाठी तुरुंग पत्करणे आणि दुसऱ्याच्या मतासाठी दार उघडे ठेवणे, ही दोन्ही व्रते एकाच माणसाने पाळली. त्याचा खरा वारसा हाच.