रात्रीचे पाणी आणि उरुसातले गाणे

“शेतकऱ्याला कशाला हवा गाण्याचा नाद?” असे आमचे पाव्हणे तोंडावर विचारतात. नाद आहे खरा. मिरजेजवळ आमचे तीन एकर रान. दोन एकर ऊस, एक एकर द्राक्षे. एवढ्या व्यापातून गेल्या वर्षात तीन मैफली समोर बसून ऐकल्या. त्यांतली आवडती कोणती, ते सांगायला बसलो आहे. पण आधी पाण्याचे सांगितले पाहिजे.

शेतीची वीज कधी दिवसाची, कधी रात्रीची. मी गाण्याला गेलो आणि पाळी रात्रीची आली, की दारे धरायला आमच्या मंडळी जायच्या. वीस वर्षे हे असेच चालले. मी परत येऊन तानांचे कौतुक सांगायचो आणि त्या चिखलाचे पाय धूत ऐकायच्या.

पहिली मैफल मिरजेच्या अंबाबाई मंदिरातल्या नवरात्र संगीत महोत्सवातली. तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि दोष गवयाचा नव्हे. द्राक्षाची छाटणी नुकतीच उरकलेली, बाहेर पावसाची भुरभुर. समोर यमन चालला होता आणि माझ्या डोक्यात डावणी!

दुसरी डिसेंबरातली, पुण्याच्या सवाईची. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी, १९५३ पासून, गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव चालू केला. आमचे वडील जात तेव्हा रात्र रात्र गाणे चाले आणि पहाटे भीमसेनांना ऐकून माणसे घरी परतत. पुढे रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आली आणि गाणे दुपारकडे सरकले. जुने लोक हळहळतात. मला मात्र त्यामुळेच मुलतानी त्याच्या खऱ्या वेळेला, कलत्या उन्हात ऐकायला मिळाला. भारतीय बैठकीचे स्वस्त तिकीट, शेजारी दशम्यांचे गाठोडे. त्या तासाभरात मला ना ऊस आठवला, ना कारखान्याचे बिल.

घरी येऊन हेच रंगवून सांगत होतो. मंडळींनी मध्येच विचारले, “अहो, तिथं बसतात तरी कसं, ते मला एकदा दाखवा की.”

मला काही बोलता येईना.

म्हणून तिसरी मैफल. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याचा उरूस. अब्दुल करीम खाँसाहेब इथे हजेरी लावून गात. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात ते वारले, पण त्यांची कबर याच आवारात आहे. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. म्हणजे ज्याच्यासाठी मी पुण्याची गाडी पकडतो, त्याचे मूळ आमच्या बाजाराच्या गावात! दरवर्षी उरुसात इथे गाण्याची सभा होते.

वीज रात्री अकरानंतर होती. लवकर जेवून दोघे निघालो. मंडळी पदर आवरून अगदी कडेला बसल्या. एक तरुण गायिका पूरिया गात होती. पहिली दहा मिनिटे मी गाणे सोडून मंडळींच्याच चेहऱ्याकडे पाहत होतो. कंटाळल्या तर? पण त्या हलल्या नाहीत. मध्येच हळूच म्हणाल्या, “बाईमाणूस एवढ्या लोकांत गातंय, कुणी काही म्हणत नाही?” मी सांगितले, खाँसाहेबांची लेक हिराबाई बडोदेकर इथेच मिरजेत १९०५ साली जन्मली. बायकांनी जाहीर मैफलीत गाणे लोकांना वावगे वाटे, त्या काळात ती मानाने गायली. त्या “हं” म्हणाल्या आणि पुन्हा समोर पाहू लागल्या.

गायिका थोर होती असे नाही. दोन ठिकाणी दमही कमी पडला. तरी वर्षातली माझी मैफल हीच.

परतल्यावर बॅटरी घेऊन दोघेही उसात गेलो. मंडळींचा प्रश्न चालूच, “मागं बसून एकच सूर धरणाऱ्या त्या दोघी कंटाळत नसतील?” मी तंबोऱ्याचे सांगू लागलो: मिरजेतच घडतो, खालचा भोपळा कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो पिकवतात, वाळवतात, मग सतारमेकर गल्लीत येतो.

“म्हणजे तेही पीकच की,” मंडळी म्हणाल्या. “एकराला काय पडतं?”

तो हिशेब करता करता सरी फुटली आणि पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेले.