एका संघाचा एकच आवाज

शनिवारी लाखभर प्रेक्षकांसमोर डावपेच लढवायचे, पण पत्रकाराने माइक पुढे केला की काही न बोलता पुढे निघायचे. अमेरिकेतील टस्कलूसा शहरात, अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात सहायक प्रशिक्षकांसाठी हा नियम होता. मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी तो २००७ ते २०२३ असे सतरा हंगाम चालवला.

हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळायचे अमेरिकी फुटबॉल. नावाला कॉलेजचे, पण सेबन यांचा पहिलाच करार आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा होता. त्यांच्या हाताखाली आक्रमणाचा एक समन्वयक, बचावाचा एक, शिवाय मैदानातल्या वेगवेगळ्या जागांसाठी वेगळे प्रशिक्षक. खेळाडूंना रोज शिकवणारी, त्यांच्या खोडी ओळखणारी मंडळी हीच. बातमीदारांना हवी असलेली माहिती त्यांच्याकडेच, आणि तोंड बंद तेही त्यांचेच. हंगामाआधी समन्वयकांची एखादी पत्रकार परिषद व्हायची. हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या बाउल नावाच्या सामन्यांआधी आयोजक सक्तीने बोलवायचे, तेव्हा ते पुन्हा दिसायचे.

ही शिस्त सेबन यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १९९१ ते १९९४ या काळात क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघात ते मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचे बचाव समन्वयक होते, आणि बेलिचिक स्वतः आधीच्या पिढीचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्या तालमीत घडलेले. पार्सेल्सही सहायकांना पत्रकारांपासून लांबच ठेवत. यामागचा हिशेब सरळ आहे. कोण जखमी, कोणाची जागा धोक्यात, याचा सुगावा प्रतिस्पर्ध्याला लागता कामा नये; आणि एकाच खेळाडूबद्दल तिघांनी तीन मते जाहीर मांडली, तर गोंधळ त्या पोराच्या मनात होतो.

टीकाकारांचे म्हणणे वेगळे. अलाबामा हे सरकारी विद्यापीठ. सहायकांचे करार सार्वजनिक, वरिष्ठांचे पगार दहा लाख डॉलरच्या पुढे. मग त्यांनी लोकांना उत्तरे का देऊ नयेत? कायद्याचा आधार मात्र तोकडा पडतो. २००६ मध्ये गार्सेटी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी कर्मचारी नोकरीचा भाग म्हणून जे बोलतो, त्याला राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही.

गप्प राहणाऱ्याला बढती कशी मिळणार, हा दुसरा आक्षेप. अलाबामाचा अनुभव नेमका उलटा निघाला. देशातल्या सर्वोत्तम सहायकाला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार २००९ मध्ये कर्बी स्मार्ट, २०१८ मध्ये माइक लॉक्स्ली आणि २०२० मध्ये स्टीव्ह सार्किझियन यांना मिळाला. तिघेही सेबन यांचे सहायक, तिघेही पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढून टाकलेल्या लेन किफिन यांचेही बस्तान इथेच पुन्हा बसले. त्यांचा निरोप मात्र विचित्र ठरला. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकाची नोकरी पक्की झाल्यावर, २०१७ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला जेमतेम आठवडा उरला असताना त्यांना आक्रमणाची सूत्रे सोडावी लागली. ती सार्किझियन यांच्याकडे आली आणि अलाबामा क्लेमसनकडून ३५-३१ असा हरला.

या नियमाखाली सर्वांत जास्त काळ राहिलेल्यांपैकी एक म्हणजे स्मार्ट. जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होताच आपल्या सहायकांनाही त्यांनी हाच नियम लावला. जानेवारी २०२२ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात, त्यांच्याच संघाने सेबन यांना ३३-१८ असे हरवले.