लेबलावरून ओळखा साल!

आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक जण काही ना काही जमवतो. कुणी नाणी, कुणी पोस्टाची तिकिटं, कुणी काडेपेटीचे छाप, तर कुणी नुसत्याच बॅकलॉग! पण जमवणं आणि संग्रह करणं यात फरक आहे. खोकं भरून वस्तू असल्या म्हणजे संग्रह होत नाही. त्यातली हवी ती वस्तू दोन मिनिटांत सापडली आणि ‘ही कधीची, कुठली, कुणाची’ हे सांगता आलं, तरच तो संग्रह. म्हणजे सगळा खेळ वर्गीकरणाचा आहे.

या खेळातलं जगातलं गाजलेलं उदाहरण तंबाखूचंच आहे. अमेरिकेत १८८० च्या दशकापासून सिगारेटच्या पाकिटात एक जाड कागदी कार्ड टाकत. पाकीट चेपू नये आणि गिऱ्हाईक परत यावं, असे दोन्ही हेतू. कार्डावर बेसबॉल खेळाडूंची चित्रं असत. पोरं ती जमवू लागली. पुढे ढीग झाला, पण कुठलं कार्ड कुठल्या संचातलं हे कुणालाच नीट सांगता येईना.

हा गुंता सोडवला जेफरसन बर्डिक या माणसाने. हा काही प्रोफेसर नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात जुळणीचं काम करायचा. संधिवाताने बोटं आखडलेली, तरी त्याने १९३९ मध्ये कार्डांची सूची छापली. तीच पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्याची युक्ती आपल्या पार्ट नंबरसारखीच होती. आधी एक अक्षर, मग आकडा. ‘एन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली, ‘ई’ म्हणजे सुरुवातीची गोळ्या-चॉकलेटवाली. मग संचाचा क्रमांक. १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेला पांढऱ्या कडेचा संच झाला ‘टी २०६’, आणि १९११ चा सोनेरी कडेचा ‘टी २०५’. आज शंभर वर्षांनंतरही संग्राहक हीच नावं वापरतात.

‘टी २०६’ मध्ये नेहमीच्या मोजणीप्रमाणे ५२४ कार्डं आहेत. पण खरी गंमत कार्डाच्या पाठीवर! पुढे तोच खेळाडू, तेच चित्र, आणि मागे सोळा वेगवेगळ्या ब्रँडपैकी कुठल्या तरी एकाची जाहिरात. शिवाय काही पाठींवर ‘१५० विषय’, काहींवर ‘३५० विषय’ असं छापलेलं. त्यावरून कुठलं कार्ड आधी छापलं आणि कुठलं नंतर, याचे गट पाडता येतात. थोडक्यात पायऱ्या चार: कुणी काढलं, कुठला संच, पाठीवर काय आहे, आणि छपाईत काय फरक आहे. याच संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड फारच थोडं छापलं गेलं. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकली गेली. बर्डिकने मात्र आपला तीन लाखांहून जास्त कार्डं-कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. १९६३ मध्ये वारण्यापूर्वी शेवटपर्यंत तो तिथे बसून अल्बम लावत होता.

आता म्हणाल, बेसबॉलशी आपला काय संबंध? अहो, आपण भंडारा-गोंदिया भागातले. तेंदूपत्ता आणि बिडी म्हणजे आपल्या घरचा विषय. आपल्याकडे पाकिटात कार्ड नव्हतं, पण बिडीच्या कट्ट्यावर रंगीत लेबल होतं. त्यावर देव, वाघ, फुलं, मालकाचा फोटो, नाहीतर नुसता मोठा आकडा. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही आपली बिडी ओळखता यावी, म्हणून ही चित्रं. त्यांनाही बर्डिकच्या चारही पायऱ्या लावता येतात. आणि साल छापलेलं नसलं तरी ते काढता येतं, कसं ते बघा.

पहिली खूण पत्ता. भंडारा जिल्हा आधी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तुमसर तालुक्यातलं बपेरा घ्या. आज गावाच्या पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो, पण १९५६ पर्यंत दोन्हीकडे राज्य एकच होतं. म्हणून ‘तुमसर, म.प्र.’ असं लेबल मिळालं तर ती छपाईची चूक समजू नका. ते १९५० ते ५६ च्या सुमाराचं असणार. ‘जि. गोंदिया’ असेल तर १ मे १९९९ नंतरचं, कारण त्याआधी तो जिल्हाच नव्हता.

दुसरी खूण पैसे. ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ नंतरचं, कारण दशमान नाणी त्याच वर्षी १ एप्रिलला आली. तिसरी खूण पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. चौथी खूण धोक्याचं चित्र. ते ३१ मे २००९ पासून सक्तीचं झालं.

पण इथे एक लॉजिक लक्षात ठेवा. पिनकोड असेल तर लेबल १९७२ च्या आधीचं नाही, हे पक्कं. पिनकोड नसेल तर ते १९७२ च्या आधीचंच, असं मात्र म्हणता येत नाही. छापून ठेवलेला जुना साठा लोक संपेपर्यंत वापरतातच. ‘खूण आहे’ हा पुरावा, ‘खूण नाही’ हा फक्त अंदाज. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, दोन-तीन जुळवून पाहाव्यात.

कुणाला सुरुवात करायची असेल तर लेबल वहीत पूर्ण चिकटवू नका, पाठ कायमची झाकली जाते. पारदर्शक पाकिटात ठेवा. कुठे मिळालं, कुणी दिलं, कधी दिलं, हे पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. आणि हो, लेबल जमवायला बिडी ओढावी लागत नाही!

या सगळ्यात एक रकाना मात्र रिकामाच राहतो. लेबलावर मालकाचं नाव असतं, छापखान्याचं कधी कधी असतं, पण बिडी वळणाऱ्या बाईचं कधीच नसतं. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी त्याच हातांनी भरली आहे. या सुट्टीत घरी गेलात की आजीला विचारा, कुठल्या छापाच्या बिड्या वळायची, हजारी किती मिळायची, पत्ता कुठून यायचा. आणि ते लेबलाशेजारी लिहून ठेवा. चित्र कदाचित दुसऱ्या कुणाकडेही मिळेल, ही माहिती फक्त तिच्याकडेच आहे.