कोटींच्या बोलीआधीच उघडते संधीचे दार. प्रो कबड्डीतील ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणजे काय?

अहिल्यानगर : प्रो कबड्डीचा लिलाव आला की चर्चा रंगते ती कोटींच्या बोलीची. कॉलेजच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या खेळाडूसाठी मात्र दुसरीच वाट महत्त्वाची आहे.

काय आहे ही वाट?
संघ नवोदितांना ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणून करारबद्ध करतात. खेळ चमकला की पुढच्या हंगामासाठी त्यांना लिलावात न सोडता कायम ठेवता येते.

जिल्ह्यातले उदाहरण कोणते?
अस्लम इनामदार. आठव्या हंगामात पुणेरी पलटणने त्याला असेच घेतले. २०२३ मध्ये तो आशियाई सुवर्णविजेत्या भारतीय संघात होता. १ मार्च २०२४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले.

विद्यापीठाच्या खेळाडूंना संधी मिळते?
हो. २०२२ च्या लिलावात ५०० हून अधिक खेळाडूंच्या यादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतील दोन्ही संघांचे मिळून २४ खेळाडू होते.

मूळ किंमत किती?
२०२३ च्या लिलावात ‘अ’ गटासाठी ३० लाख, ‘ब’साठी २०, ‘क’साठी १३ आणि ‘ड’साठी ९ लाख रुपये.

महागडा खेळाडू म्हणजे हमखास यश?
तसे नाही. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६०.५ लाख मोजले. संघ मात्र २२ पैकी दोनच सामने जिंकून तळाला राहिला. पलटणचा कणा होता तो आधीपासून जोपासलेल्या तरुणांचा. त्यामुळे लिलावाइतकेच लक्ष आंतरविद्यापीठ सामन्यांकडेही हवे.