शिकलेले दुसऱ्यास सांगणे : शालेय विषयांची सांगड आणि विद्यार्थ्याचे निवेदन

प्रस्तावना :

शालेय वेळापत्रक विषयांच्या विभागणीवर उभे असते. घंटा होते, गणिताचे शिक्षक वर्गाबाहेर पडतात आणि भूगोलाचे शिक्षक आत येतात. शिक्षक बदलतात, पुस्तक बदलते, वही बदलते. बदलत नाही तो बाकावर बसलेला विद्यार्थी. याचा अर्थ असा की, दिवसभरातील सर्व विषय ज्या एकाच ठिकाणी एकत्र येऊ शकतात ते ठिकाण म्हणजे विद्यार्थ्याचे मन होय. तरीही दिवसाच्या अखेरीस 'आज तू काय काय शिकलास ते सांग' असे त्याला शाळेत क्वचितच विचारले जाते. प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयापुरते विचारतो आणि परीक्षेतही प्रत्येक विषयाची उत्तरपत्रिका वेगळी असते. परिणामी गणितात शिकलेले प्रमाण भूगोलाच्या नकाशावर ओळखू न येणारे विद्यार्थी घडतात आणि पुढे तेच आपल्या महाविद्यालयांत येतात.

विद्यार्थ्याने वर्गात शिकलेले दुसऱ्यास सांगणे ही कृती उजळणीपुरती मर्यादित नसून विषयांची सांगड घालण्याचे ते एक प्रभावी साधन आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१. 'शिकलेले सांगणे' या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्रातील या विचाराची पूर्वपीठिका व अलीकडील प्रयोग तपासणे.
३. आष्टा परिसरातील अनुभवविश्वाच्या आधारे या कृतीचे कार्य उलगडून दाखविणे.
४. तिच्या मर्यादा व महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोजन मांडणे.

संकल्पनेचे स्वरूप :

पाठांतर म्हणून दाखविणे आणि शिकलेले सांगणे यांत मूलभूत फरक आहे. पाठांतर ऐकणाऱ्या शिक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. त्यामुळे विद्यार्थ्याला केवळ शब्द बरोबर यावे लागतात. शिकलेले सांगताना मात्र ऐकणाऱ्याला तो भाग माहीत नसतो. तो 'म्हणजे काय?', 'कशावरून?', 'मग आपल्याकडे तसे का होत नाही?' असे प्रश्न विचारतो. हे प्रश्न विषयांच्या सीमा पाळत नाहीत. विज्ञानाच्या पाठावर आलेल्या प्रश्नाचे उत्तर कधी इतिहासात असते, तर कधी गणितात. म्हणून सांगणाऱ्याला एका वहीतून दुसऱ्या वहीकडे जावेच लागते.

या कृतीचा लाभ सांगण्याच्या तयारीपासूनच सुरू होतो. बार्ग आणि शूल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुसऱ्याला शिकवायचे आहे या अपेक्षेने मजकूर वाचणाऱ्यांची कामगिरी केवळ स्वतःसाठी वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरल्याचे आढळले. सांगावयाचे आहे हे ठाऊक असले की वाचणारा मुद्द्यांचा क्रम लावतो, दुवे शोधतो आणि आपल्याला कोठे कळलेले नाही हे त्याच्या स्वतःच्या लक्षात येते.

पूर्वपीठिका :

विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकविणे ही आपल्याकडे नवीन गोष्ट नाही. मद्रास येथील अनाथाश्रमाच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी दक्षिण भारतातील एका शाळेत मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले आणि त्यापासून प्रेरणा घेऊन थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याचा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जोसेफ लँकेस्टर यांनीही इंग्लंडमध्ये तशीच पद्धत राबविली. या पद्धतीत थोरला विद्यार्थी गुरुजींचे शब्द जसेच्या तसे पुढे पोहोचवीत असे. थोड्या खर्चात अनेक मुले अक्षरओळखीपर्यंत पोहोचली, परंतु सांगणाऱ्याचे स्वतःचे आकलन हा त्या पद्धतीचा हेतू नव्हता. तेथे विद्यार्थी निरोप्या होता, निवेदक नव्हता.

निवेदक विद्यार्थी कसा असतो याचे महाराष्ट्रातील श्रेष्ठ उदाहरण म्हणजे मुक्ता साळवे होय. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत मिळालेली अक्षरविद्या, धर्माविषयीचे प्रश्न, पेशवाईचा इतिहास आणि स्वतःच्या समाजाचे प्रत्यक्ष जगणे या साऱ्यांना तिने एका सूत्रात ओवले. या निबंधाला तिला कोणत्याही एका विषयाची चौकट पुरली नसती. शिक्षणाने तिला दिलेले सर्व काही एकत्र आले, ते ती ऐकणाऱ्यांसमोर उभी राहिली तेव्हा.

विषयांच्या सांगडीचा संघटित विचार १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेतून पुढे आला. डॉ. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या नई तालीमेच्या अभ्यासक्रमात समवाय पद्धतीस मध्यवर्ती स्थान होते. सूतकताई करताना सुताची लांबी व वजन यांतून गणित, कापसाच्या पिकातून भूगोल व निसर्गविज्ञान आणि वस्त्रोद्योगाच्या वाटचालीतून इतिहास शिकावा, अशी ही कल्पना होती. कल्पना अत्यंत मौलिक होती. तथापि हे दुवे बहुधा शिक्षकानेच जुळवून द्यावयाचे असत. जेथे शिक्षकाची तयारी अपुरी पडली तेथे समवाय ओढूनताणून आणल्यासारखा झाला. दुवा शोधण्याचे काम विद्यार्थ्याकडे सोपविणे ही त्यापुढची पायरी होती.

आपल्या परिसरात या पायरीकडे नेणारे प्रयत्न झाले आहेत. लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापूर येथे सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या स्वतंत्र अभिव्यक्तीला व प्रकल्पांना अध्यापनात मानाचे स्थान दिले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने केलेले काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक आले. या दोन्ही ठिकाणी मूल केवळ ऐकणारे न राहता बोलणारे झाले, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एकत्र बांधलेले पुस्तक आणि कोरे पान :

शैक्षणिक वर्ष २०२३-२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्राथमिक स्तरावरील पाठ्यपुस्तकांत एक महत्त्वाचा बदल केला. अनेक विषय एकत्र करून पुस्तकाचे चार भाग करण्यात आले आणि पाठांच्या जोडीला वहीची कोरी पाने देण्यात आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे व विद्यार्थ्याने स्वतःच्या नोंदी कराव्यात, हा त्यामागील हेतू होता. परंतु मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि अपेक्षित परिणाम न दिसल्याने २०२५-२६ पासून ही कोरी पाने देणे थांबविण्यात आले.

या प्रयोगातून शिक्षकाने घेण्याजोगा बोध असा की, सर्व विषय एका पुठ्ठ्यात बांधल्याने ते विद्यार्थ्याच्या मनात जोडले जात नाहीत आणि कोरे पान दिल्याने नोंद आपोआप होत नाही. नोंद होण्यासाठी ती वाचणारा कोणीतरी हवा. जे लिहिले ते उद्या वर्गासमोर सांगावयाचे आहे, अशी व्यवस्था नसेल तर पान कोरेच राहते किंवा त्यावर फळ्यावरील मजकूर उतरतो.

एक उदाहरण : कृष्णेचा पूर

आष्टा परिसर कृष्णा व वारणा या दोन नद्यांच्या मधला. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांच्या आठवणी येथील घराघरांत आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी, हे येथील मुलालाही ठाऊक असते. आता आठवीतील एखाद्या विद्यार्थिनीने 'नद्या व धरणे' हा पाठ घरी आजीला सांगावयाचा आहे, असे समजू. आजीचा प्रश्न साधा असेल : 'कोयनेतून पन्नास हजार क्युसेकनं पाणी सोडलं म्हणतात, म्हणजे किती गं?'

या एका प्रश्नाने गणिताची वही उघडते. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख लिटर. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीच्या हिशेबाने दर सेकंदाला १,४०० टाक्या. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पन्नास हजार क्युसेकने एक टीएमसी पाणी जाण्यास २०,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेपाच तास लागतात. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे हे कळल्यावर त्या साडेपाच तासांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आजीचा पुढचा प्रश्न 'ते पाणी आपल्याकडं कसं येतं?' हा असला तर नकाशा काढावा लागतो : कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते, तर वारणा सांगलीच्या खाली हरिपूरजवळ. दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की पाणी ओसरण्यास वेळ का लागतो, याचे उत्तर विज्ञानात आहे. 'मग पाणी आधीच का सोडत नाहीत?' या प्रश्नाशी नागरिकशास्त्र येते. पावसाळ्याअखेर धरण भरलेले असावे ही शेतीची व विजेची गरज आणि पुरासाठी धरणात जागा मोकळी ठेवावी ही नदीकाठच्या गावांची गरज, यांत ओढाताण आहे. कृष्णेचे पाणी अनेक राज्यांचे असून त्याच्या वाटपासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला होता, हेही तेथे सांगावे लागते. आणि हे सारे आजीला समजेल अशा मराठीत सांगणे ही भाषेच्या तासाची खरी परीक्षा ठरते.

येथे कोणत्याही शिक्षकाने 'आता आपण गणित भूगोलाशी जोडू' असे सांगितलेले नाही. जोड प्रश्नातून आली आणि ती विद्यार्थिनीने स्वतः घातली. शिवाय आजीकडे २००५ च्या पुराचा पाहिलेला अनुभव असल्याने सांगणे एकतर्फी राहत नाही. पाठ्यपुस्तकात नसलेली माहिती वर्गाकडे परत येते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे विशेष मोलाचे आहे. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातही ज्ञान आहे, ही जाणीव त्यातून निर्माण होते.

सांगण्याचा अधिकार कोणाचा?

या कृतीला एक सामाजिक बाजूही आहे. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात वंशभेदावर आधारलेल्या शाळा एकत्र केल्यानंतर वर्गांत तणाव निर्माण झाला, तेव्हा १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 'जिगसॉ' पद्धत सुचविली. पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येकास एक तुकडा दिला जातो व तो त्याने इतरांना शिकवावयाचा असतो. प्रत्येकाजवळ इतरांना आवश्यक असे काही असल्याने प्रत्येकाचे ऐकावेच लागते.

हा विचार आपल्या भूमीला परका नाही. ज्यांचे बालपण व घर याच परिसराशी जोडलेले होते त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकत्र जेवत. एका पंक्तीत बसणे ही समतेची पहिली पायरी. एकमेकांकडून शिकणे ही दुसरी. वर्गात बहुधा तीच चार-पाच मुले उत्तरे देतात. मागच्या बाकावरील मुलास 'तू सांग, आम्हांस ठाऊक नाही' असे जेव्हा वर्ग म्हणतो, तेव्हा त्याचे वर्गातील स्थान बदलते.

मर्यादा व दक्षता :

या पद्धतीतील धोकेही ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला धोका चुकीची माहिती पसरण्याचा. म्हणून सांगून झाल्यावर शिक्षकाने दुरुस्ती केली पाहिजे, मात्र सांगत असताना अडवू नये. दुसरा, बोलकी मुलेच पुढे येण्याचा. यासाठी क्रम ठरवावा आणि जी मुले उभे राहून बोलण्यास बिचकतात त्यांना प्रथम जोडीत सांगू द्यावे. तिसरा, सांगण्यास गुण दिल्याने पुन्हा पाठांतर शिरण्याचा; म्हणून उत्तराइतकेच ऐकणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांचेही मूल्य मानावे. चौथा धोका सर्वांत गंभीर असून तो बेल-लँकेस्टर पद्धतीने दाखवून दिला आहे : विद्यार्थी शिकवितात म्हणून शिक्षकांची संख्या कमी करणे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहाध्यायी अध्यापनाची शिफारस आहे, परंतु ती प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्याचे सांगणे शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही; ते शिक्षकाचे काम अधिक सूक्ष्म करते.

महाविद्यालयीन अध्यापनाशी संबंध :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या प्रथम वर्षास बहुविद्याशाखीय रचना लागू झाली. वाणिज्यचा विद्यार्थी आता कलाशाखेचा खुला विषय निवडू शकतो. परंतु कोऱ्या पानांच्या प्रयोगाचा बोध येथेही लागू पडतो : दोन विषयांचे श्रेयांक एका गुणपत्रिकेत आले म्हणजे ते विषय विद्यार्थ्याच्या विचारात एकत्र आले असे नव्हे. त्यासाठी अंतर्गत मूल्यमापनात एक छोटी तरतूद करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रातून एकदा आपल्या मुख्य विषयातील एक संकल्पना दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत सांगावी, त्यांच्या तीन प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि उत्तर देता न आलेला प्रश्न लिहून शिक्षकाकडे द्यावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. दोन विभागांनी एक तासिका एकत्र घेण्याची तयारी तेवढी लागते.

समारोप :

विषयांची विभागणी ही अध्यापनाची सोय आहे. ज्ञानाचे ते स्वरूप नव्हे. ही विभागणी ओलांडण्याचे प्रयत्न आपण अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक व श्रेयांक यांच्या मार्गाने केले आणि ते आवश्यकही आहेत. परंतु सांगड घालण्याचे अंतिम काम विद्यार्थ्यालाच करावयाचे असते आणि ते त्याच्याकडून घडते, जेव्हा त्याचे सांगणे ऐकणारा, न समजल्यास प्रश्न विचारणारा कोणीतरी समोर असतो. असा श्रोता वर्गात, घरात व महाविद्यालयात उपलब्ध करून देणे हे शिक्षकाचे कार्य होय. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत हा वेळ वाया जातो असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः शिकविलेले विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले की नाही, हे शिक्षकाला कळण्याचा तोच वेळ असतो.